शिंपल्यांची बरणी : लहान मुलांना चांगल्या सवयी लावताना बक्षीस-पद्धत कशी वापरावी

पावसाळ्यात आमच्या घरी सर्वांत जास्त आरडाओरडा व्हायचा तो पायांवरून. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यातील आमच्या गावात जूनपासून अंगणभर तांबडा चिखल असतो, आणि साडेचार वर्षांचा माझा मुलगा खेळून धावत आला की पडवीपासून देवघरापर्यंत तांबड्या पावलांची रांग उमटवत जायचा. समजावून झाले, ओरडून झाले, एकदा पाठीत धपाटा घालूनही झाला, आणि त्या संध्याकाळी आम्ही दोघेही रडलो. शेवटी फरक पडला तो काचेच्या एका बरणीने आणि समुद्राने घासून गुळगुळीत केलेल्या वीस-पंचवीस शिंपल्यांनी. ती बरणी कशी वापरली, तिच्यात माझ्या कोणत्या चुका झाल्या आणि ती केव्हा उचलून ठेवायची, हे येथे क्रमाने लिहीत आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्याचा सर्वाधिक उपयोग होईल.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करते. हापूसचे नवे कलम लावल्यावर त्याला काठीचा आधार द्यावाच लागतो, पण ती काठी वर्षानुवर्षे तशीच घट्ट बांधून ठेवली तर सुतळी सालीत रुतते. बक्षीसही असाच आधार आहे. ते कशासाठी द्यायचे, हे ठरवतानाच ते कसे काढून घ्यायचे, हेही ठरलेले असले पाहिजे.

बक्षीस आणि लालूच यांतील फरक

एखाद्या कृतीनंतर सुखद अनुभव आला तर ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हा नियम एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडला आणि बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मधील आपल्या ग्रंथातून तो पुढे नेला. नियम साधा आहे, पण त्यातील क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी चांगली कृती आणि मग सुखद फळ, असा तो क्रम आहे.

बाजाराच्या दिवशी एसटीत मूल वेफर्ससाठी हातपाय आपटू लागते, सगळे प्रवासी वळून पाहतात आणि आपण ‘गप्प बस, घे एकदाचे’ म्हणून पुडके हातात देतो, तेव्हा हा क्रम उलटा झालेला असतो. त्या क्षणी बक्षीस मिळते ते आक्रोशाला. पुढचा धोका त्याहून मोठा आहे. आपण दहापैकी सात वेळा नकार दिला आणि तीन वेळा शरण गेलो, तर मूल असे शिकते की रडणे पुरेसे लांबवले की कधी ना कधी पुडके मिळतेच. अधूनमधून मिळणाऱ्या फळाने पक्की झालेली सवय नेहमी मिळणाऱ्या फळाच्या सवयीपेक्षा कितीतरी चिवट असते, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. म्हणून नकार द्यायचा असेल तर तो पहिल्या मिनिटाला आणि शांतपणे द्यावा, आणि पहिले काही दिवस रडणे कमी होण्याऐवजी वाढेल, याची मनाची तयारी ठेवावी. हा वाढलेला आक्रोश म्हणजे उपाय फसल्याची खूण नव्हे. नेमका त्याच दिवशी हार मानली तर मात्र आधीपेक्षा अधिक अवघड होऊन बसते.

कशाला बक्षीस देऊ नये

बरणी आणण्यापूर्वी हा भाग वाचावा, अशी माझी विनंती आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली होती.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना रोज सकाळी आजीच्या पूजेसाठी फुले काढून आणायची. जास्वंद, अनंत, कुंपणावरची गोकर्ण, असे जे मिळेल ते परडीत घालून, ओल्या केसांनी ती देवघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. कुणी सांगितलेले नव्हते. एका गणपतीत घर पाहुण्यांनी भरले होते, फुले आणि दूर्वा जास्त लागत होत्या, म्हणून मी तिला परडीमागे एक नाणे देऊ केले. पहिले दोन दिवस तिने दोन-दोन परड्या आणल्या आणि मला माझ्या युक्तीचे कौतुक वाटले. पाचव्या दिवशी ती परडी पाठीमागे धरून आजीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आजये, आज माका काय दितलंस?” सासूबाई काही बोलल्या नाहीत. विसर्जन झाले, पाहुणे मुंबईला परतले, नाणी थांबली आणि त्याबरोबर फुलेही थांबली. दिवाळीच्या सुमारास सासूबाई स्वतः तिचे बोट धरून फुलांना जाऊ लागल्या, तेव्हा कुठे परडी पुन्हा भरू लागली.

हा केवळ आमच्या घरचा अनुभव नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अमेरिकेतील एका बालशाळेत रंगीत पेनांनी चित्रे काढणे मनापासून आवडणारी मुले निवडण्यात आली होती. ‘चित्र काढलेस तर सुंदर प्रमाणपत्र मिळेल’ असे काहींना आधी सांगितले. काहींना ते प्रमाणपत्र न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेल्या मुलांची त्या पेनांमधील गोडी इतरांपेक्षा बरीच घटलेली दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र घटली नव्हती.

यावरून पहिला नियम निघतो. मूल जे आपण होऊन, आनंदाने करते त्याला बक्षिसाची अट लावू नये. चित्र काढणे, गोष्टीचे पुस्तक चाळणे, धाकट्या भावंडाला गोंजारणे, आजोबांना पाण्याचा तांब्या नेऊन देणे या गोष्टी बरणीच्या बाहेर ठेवाव्यात. दुसरा नियम असा की, जे मुलाच्या हातात नाही त्यालाही बक्षीस लावू नये. रात्री झोपेत अंथरूण ओले होणे हे पाच-सहा वर्षांपर्यंत अनेक मुलांत आढळते आणि ते मूल मुद्दाम करत नाही. कोरड्या रात्रीसाठी शिंपला ठेवला, तर ओल्या सकाळी त्याला विनाकारण अपराधी वाटेल. भूक किती लागावी, झोप केव्हा यावी, भीती वाटावी की नाही, हेही याच वर्गात येते.

बक्षिसांविषयीची साशंकता जुनीच आहे. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालशाळेत बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाजूला ठेवली. त्यांच्या विचारांतून घडलेल्या ताराबाई मोडक यांनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले आणि १९४५ मध्ये कोकणाच्या उत्तर टोकाला, बोर्डीच्या किनाऱ्यावर, ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र उभारले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुलाला कामातच रस वाटला तर बाहेरच्या आमिषाची गरज उरत नाही, ही या परंपरेची शिकवण मला पूर्णपणे पटते. मात्र पाय धुणे, दात घासणे, खेळणी जागेवर ठेवणे या कामांत चार वर्षांच्या मुलाला मुळात रस नसतो आणि तो वाटेपर्यंत वाट पाहणेही शक्य नसते. बक्षिसाची जागा एवढीच, या फटीत आहे.

पहिली पायरी : आठवडाभर नुसते पाहणे

लगेच सुरुवात करू नये. सात दिवस कॅलेंडरवरील तारखेच्या चौकटीत फक्त खुणा कराव्यात: ती गोष्ट दिवसात किती वेळा घडली, केव्हा, आणि त्याआधी काय चालले होते. माझ्या खुणांवरून असे दिसले की दुपारी मुलगा बहुधा पाय धुऊन येतो आणि गोंधळ होतो तो दिवेलागणीला, जेव्हा अंगणात अंधार असतो आणि हौदाजवळ बेडूक असतात. त्याला बेडकांची भीती वाटत होती. पायरीवरच बादली आणि तांब्या ठेवल्याबरोबर निम्मा प्रश्न बक्षिसाशिवाय सुटला. असे पुष्कळदा घडते.

दुसरी पायरी : एकच सवय, डोळ्यांना दिसणारी

‘शहाण्यासारखे वाग’ ही सूचना मुलाला कळत नाही, कारण शहाणपणाचे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. ‘बाहेरून आल्यावर पडवीत पाऊल टाकण्याआधी दोन्ही पाय धुवायचे आणि पायपुसण्यावर पुसायचे’ ही सूचना कळते. सवय निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. ती ‘करू नको’ अशी नसून ‘कर’ अशी असावी. ती घडली की नाही, याविषयी आजी आणि आई यांचे दुमत होऊ नये. आणि ती दिवसातून निदान दोन-तीनदा घडण्याची संधी असावी. भावाला मारण्याची सवय मोडायची असेल तर ‘मारायचे नाही’ यापेक्षा ‘खेळणे हवे असेल तर हात पुढे करून मागायचे’ ही कृती निवडावी.

काम मोठे वाटत असेल तर त्याचे तुकडे करावेत. पहिल्या आठवड्यात मूल पायरीपाशी थांबले तरी शिंपला द्यावा. पाय धुण्याचे काम आपण करावे. दुसऱ्या आठवड्यात पाणी त्याने ओतावे. तिसऱ्या आठवड्यात पुसणेही त्यानेच करावे. एकाच वेळी तीन-चार सवयी बरणीला जोडण्याचा मोह आवरावा. मी तो आवरला नव्हता आणि चौथ्या दिवशी मला आणि मुलालाही नियम आठवेनासे झाले होते.

तिसरी पायरी : बरणी आणि शिंपले

लहान मुलाला रविवारच्या बक्षिसाचा मंगळवारी काही उपयोग नसतो. म्हणून कृती आणि बक्षीस यांच्यामध्ये हातात धरता येईल अशी खूण लागते. किनाऱ्यावर वेचलेले किंवा जेवणातल्या तिसऱ्यांचे (खाण्याच्या शिंपल्यांचे) रिकामे शिंपले घ्यावेत, पाण्यात उकळून, उन्हात कडक वाळवावेत आणि धारदार कडांचे बाजूला काढावेत. बरणी पारदर्शक असावी, म्हणजे साठा वाढताना दिसतो, आणि शिंपला पडताना होणारा टणत्कार मुलाला फार आवडतो. घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर शिंपले, चिंचोके, काजूबिया यांपैकी काहीही त्याच्या हाती लागू देऊ नये, कारण घशात अडकण्याचा धोका खरा आहे. अशा घरी भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलने मासा काढणे अधिक सुरक्षित. तीन वर्षांखालील मुलासाठी ही संपूर्ण पद्धतच लवकरची ठरते. त्याला त्या क्षणीचे हसू, टाळी आणि जवळ घेणे पुरते.

शिंपला पाच-दहा सेकंदांत मिळाला पाहिजे आणि तो मुलानेच बरणीत टाकला पाहिजे. त्या वेळी काय घडले ते शब्दांत सांगावे: “मी हाक मारायच्या आत तू तांब्या घेतलास, टाचाही घासल्यास.” ‘गुणी बाळ’, ‘किती हुशार’ ही वाक्ये आपल्या तोंडी बसलेली आहेत, पण मुलाच्या हाती त्यातून काही लागत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की हुशारीचे कौतुक झालेली मुले सोपे काम निवडू लागली आणि अपयश येताच खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले टिकून राहिली. ती मुले पाचवीच्या वयाची होती. तरीही कौतुक कृतीचे करावे, ही सवय आपण जितक्या लवकर लावून घेऊ तितके बरे.

चौथी पायरी : शिंपल्यांच्या बदल्यात काय द्यावे

शक्यतो खाऊ देऊ नये. आंबापोळी, खाजे, खडखडे लाडू हे घरातल्या आनंदाचे पदार्थ आहेत. ते कमाई झाले की भूक आणि वर्तणूक यांची गाठ बसते आणि साखर रोजची होते. मोबाइलही नको, कारण बक्षीस म्हणून दिलेली वस्तू मुलाच्या नजरेत अधिक मौल्यवान बनते. पैशांचा अनुभव वर सांगितलाच आहे.

सर्वांत चांगले बक्षीस म्हणजे मोठ्या माणसाचा अखंड वेळ. आमच्या यादीत या गोष्टी होत्या: आजोबांबरोबर बसून जाळ्याची गाठ मारायला शिकणे, उद्या घावणे की शिरवाळे हे ठरवण्याचा मान, रात्री एकाऐवजी दोन गोष्टी, चुलीपाशी बसून काजूबिया भाजताना पाहणे, आणि ओहोटीला किनाऱ्यावर खेकड्यांची बिळे शोधायला जाणे. यादीतील तीन गोष्टी मुलापुढे ठेवून एक त्याला निवडू द्यावी.

येथे किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक व्यावहारिक सूचना आहे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज संध्याकाळी पाचला ओहोटी असेल तर आठवड्याने त्याच वेळी साधारण भरती असते. ‘रविवारी नेईन’ असे कबूल करण्याआधी पंचांगातील तिथी पाहावी किंवा घरातील जाणत्याला विचारावे. पावसाळ्यात समुद्राचे बक्षीस ठेवूच नये. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ‘जेटीवर होड्या आलेल्या पाहू’ हेही कबूल करता येत नाही. मोडलेला शब्द मुलाच्या लक्षात राहतो आणि त्यानंतर शिंपल्याला किंमत उरत नाही.

किंमत सुरुवातीला अगदी कमी ठेवावी. तीन शिंपले झाले की बक्षीस, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच मुलाला पद्धतीचा अर्थ कळतो. नंतर पाच, मग सात. पहिल्याच दिवशी ‘पन्नास झाले की सायकल’ असे सांगितलेले मी पाहिले आहे. त्या वयाला पन्नास आणि कधीच नाही यांत काही फरक नसतो.

मिळालेला शिंपला परत घेऊ नये

संतापाच्या भरात बरणीतून शिंपले काढून घेण्याची इच्छा होते. मोठ्या मुलांसाठी दंडाची पद्धत काही तज्ज्ञ वापरतात, हे मला ठाऊक आहे, परंतु या वयात मी तिच्या ठाम विरोधात आहे. सकाळी खरोखर धुतलेले पाय संध्याकाळच्या हट्टामुळे न धुतलेले होत नाहीत. चुकीच्या वागण्याचा परिणाम त्या वागण्यापुरताच असावा: पावले उमटली तर फडके घेऊन दोघांनी मिळून पुसावीत, तीही उपदेशाविना.

भावंडांच्या बरण्या वेगळ्या असाव्यात आणि त्यांची तुलना कधीही करू नये. दोघांना वेगवेगळी सवय दिली तर तुलनेला वावच राहत नाही.

घरातील सर्वांचे एकमत

ही पद्धत मुलापेक्षा मोठ्यांमुळे अधिक वेळा कोलमडते. सुरुवातीला आमच्या घरी दोन टोके होती: बाबा शिंपला द्यायला विसरायचे आणि आजोबा न मागता मूठभर टाकायचे. एका रात्री जेवणानंतर आम्ही सर्वांनी बसून नियम ठरवला, आणि ‘पाय धुवन इलस काय रे?’ हे एकदाच विचारायचे, पुन्हा टोकायचे नाही, यावर सासूबाईंचेही मत घेतले. वारंवार टोकल्यावरच पाय धुतले गेले, तर मुलाला सवय लागते ती टोकण्याची.

गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी नातेवाईक आले की सगळे वेळापत्रक बदलते. त्या दिवसांत बरणी सरळ फडताळात ठेवावी आणि मुलाला तसे सांगावे. पाहुण्यांपुढे बरणी दाखवून ‘बघा, याचे किती आणि तिचे किती’ असे प्रदर्शन करू नये.

काम होत नसेल तर

दोन आठवड्यांत काहीच बदल दिसला नाही तर दोष मुलाला देण्याआधी पद्धत तपासावी. काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे काय, शिंपला उशिरा मिळतो काय, बक्षिसाचा कंटाळा आला आहे काय, घरात नवे बाळ आले आहे काय, झोप पुरते काय? सांगितलेले ऐकूच येत नाही अशी शंका असेल, बोलणे वयाच्या मानाने मागे असेल किंवा राग इतका अनावर असेल की मूल स्वतःला इजा करते, तर बरणी बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येतात. तेव्हा अंगणवाडी सेविकेला आपली शंका आधीच सांगून ठेवावी.

शेवटची पायरी : बरणी उचलून ठेवणे

सलग दोन आठवडे सवय बहुतेक वेळा आपण होऊन घडू लागली की काढता पाय घ्यायला सुरुवात करावी. आधी दर खेपेच्या शिंपल्याऐवजी दिवसाअखेर एक शिंपला द्यावा. मग एखाद्या दिवशी द्यावा, एखाद्या दिवशी नुसते शब्द. केव्हा मिळेल, हे मुलाला आधी कळू नये. मात्र शब्द एकदम बंद करू नयेत, कारण बरणी गेल्यावर त्याच्याजवळ उरते ती आपली नजर. या उतरणीला आम्हाला साधारण महिना लागला. मध्येच दोन दिवस तांबडी पावले पुन्हा उमटली, तेव्हा आम्ही आठवडाभर एक पायरी मागे गेलो आणि पुन्हा पुढे निघालो.

‘आता तुला शिंपल्याची गरज नाही’ हे सांगण्यासाठी एक दिवस ठरवावा. आमच्या मुलाने त्या दिवशी सगळे शिंपले तुळशीवृंदावनाभोवती मातीत उलटे रोवले, आणि बरणी धुऊन सासूबाईंनी तिच्यात आमसुले भरली. दुसरी सवय निवडायची असेल तर निदान महिनाभर जाऊ द्यावा आणि खूण बदलावी; पुढच्या खेपेस आम्ही सागरगोटे घेतले.